खुब्यातला रॉड निकामी का होतो?

घरात पाय घसरून पडलेल्या आजीचे किंवा आजोबांचे खुब्याचे हाड मोडते. ऑपरेशन होते, रॉड बसतो, टाके निघतात आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. बहुतेकांच्या बाबतीत पुढे सगळे नीट होते. काहींची मात्र दीड-दोन महिन्यांनी मांडी पुन्हा दुखू लागते. पाय आखूड झाल्यासारखा वाटतो आणि नव्या एक्स-रेमध्ये रॉडचा स्क्रू हाड कापून बाहेर आलेला दिसतो. मग ओपीडीत नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, रॉड हलक्या मालाचा होता काय?" दुसराही ठरलेला असतो, "आम्ही आजीला लवकर चालवलं, म्हणून झालं का?"

दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत आणि बहुतेक वेळा दोन्हींचे उत्तर 'नाही' असे आहे. मग रॉड निकामी का होतो, हे प्रत्येक घराला माहीत असायला हवे. कारण चुकीचे उत्तर मनात धरलेले कुटुंब 'रॉड सरकू नये' म्हणून म्हाताऱ्या माणसाला तीन-तीन महिने अंथरुणात झोपवून ठेवते. त्यात रॉड वाचतोच असे नाही, माणूस मात्र हातचा जाऊ शकतो.

एकच खुबा, दोन वेगळे आजार

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. हा गोळा एका आखूड मानेवर बसलेला असतो आणि मानेच्या खाली मांडीचे जाड हाड सुरू होते. म्हातारपणी उभ्या उभ्या पडल्यावर हे हाड साधारण दोन ठिकाणी मोडते. एक मानेत, दुसरे मानेच्या खाली जिथे दोन उंचवटे आहेत तिथे. रुग्णाला आणि घरच्यांना दोन्ही सारखेच वाटतात. उभे राहता येत नाही, पाय आखूड होतो आणि बाहेरच्या बाजूला वळतो. पण उपचाराच्या दृष्टीने हे दोन वेगळे आजार आहेत.

गोळ्याला होणारा रक्तपुरवठा मुख्यतः मानेवरून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. मान मोडून तुकडा सरकला की या वाहिन्या तुटतात आणि गोळा उपाशी पडतो. अशा हाडाला कितीही चांगले स्क्रू लावले तरी ते जुळेलच याची खात्री नसते. लंडनचे शल्यविशारद सर ॲस्टली कूपर यांनी १८२०च्या दशकातच हा फरक सांगून ठेवला होता. सांध्याच्या पिशवीच्या आत मोडलेले हाड सहसा जुळत नाही, बाहेर मोडलेले जुळते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९३१ मध्ये बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा खिळा वापरून मानेचे हाड जुळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि आशा वाढली. तरीही निकामी होणाऱ्या ऑपरेशनांची संख्या मोठीच राहिली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेथ' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात मानेचे हाड स्क्रूने जुळवलेले ५० वर्षांवरील ११०८ रुग्ण होते. दोन वर्षांत त्यांच्यापैकी साधारण पाचातल्या एकाला पुन्हा ऑपरेशन लागले.

म्हणूनच साठी-सत्तरीच्या पुढच्या माणसात मान मोडून सरकली असेल, तर आज बहुतेक वेळा हाड जुळवण्याच्या मागे न लागता गोळाच बदलतात. २०१९ च्या 'हेल्थ' या अभ्यासात गोळा किंवा पूर्ण सांधा बदललेले १४९५ रुग्ण होते. त्यांच्यात दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही अभ्यासांतले रुग्ण एकसारखे नव्हते, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना करू नये. पण दिशा स्पष्ट आहे. "हाड जुळवायचं सोडून डॉक्टर गोळा का काढतात?" या शंकेचे उत्तर यात आहे.

मानेच्या खालच्या भागाची गोष्ट उलट आहे. तिथे रक्तपुरवठा भरपूर असतो आणि हाड बहुधा जुळतेच. प्रश्न फक्त जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवण्याचा असतो. त्यासाठी प्लेट-स्क्रू किंवा मांडीच्या हाडाच्या पोकळीत घातलेला रॉड वापरतात. केसपेपरवर 'डीएचएस' किंवा 'पीएफएन' लिहिलेले असते ते हेच. या लेखातली पुढची चर्चा प्रामुख्याने त्यांच्याबद्दल आहे.

रॉड म्हणजे सेंट्रिंग

घराचा स्लॅब भरताना खाली सेंट्रिंग लावतात. स्लॅबचा भार कायमचा पेलणे हे त्याचे काम नव्हे. काँक्रीट घट्ट होईपर्यंत आधार द्यायचा, एवढीच त्याची जबाबदारी. खुब्यातला रॉडही तसाच उसना आधार आहे. हाड जुळले की भार हाड घेते. म्हाताऱ्या माणसात रॉड बहुधा आतच राहू देतात, पण त्याचे खरे काम पहिल्या तीन-चार महिन्यांतच संपलेले असते.

हाड जुळलेच नाही तर? लोखंडी तार हातात धरून वर-खाली वाकवत राहिले की ती काही वेळाने तुटते. ती पहिल्या वाकवण्याला तुटत नाही, कितव्या तरी वेळेला तुटते. चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. जुळलेले हाड तो वाटून घेते. न जुळलेल्या हाडात तो सगळा धातूवर येतो, रोज शेकडो वेळा. असा रॉड काही महिन्यांनी, बहुधा जिथे स्क्रूसाठी भोक असते त्या कमकुवत जागी, तुटतो. अशा वेळी 'रॉड तुटल्यामुळे हाड जुळले नाही' असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेकदा क्रम उलटा असतो. हाड जुळले नाही, म्हणून रॉड तुटला. जगातला कुठलाही धातू न जुळलेल्या हाडाचे ओझे कायम वाहू शकत नाही.

स्क्रू मोडत नाही, हाड कापतो

ठिसूळ हाडाच्या वृद्धांमध्ये याहून नेहमी दिसणारा प्रकार वेगळा असतो. पावसाळ्यात भाताच्या खाचरात बांबू रोवला आणि त्याला बैल बांधला, तर बांबू मोडत नाही. तो चिखलात कलतो. तसेच इथे होते. गोळ्यात घट्ट बसवलेला मोठा स्क्रू अखंड राहतो, पण आतले हाड भुसभुशीत असल्याने तो हाड कापत हळूहळू वर सरकतो आणि शेवटी गोळ्याच्या बाहेर येतो. याला आम्ही 'कट-आउट' म्हणतो. बहुतेक वेळा हे पहिल्या तीन महिन्यांतच घडते.

हा स्क्रू कुणाचा सरकतो आणि कुणाचा नाही, याचा एक उत्तम शोध १९९५ मध्ये अमेरिकेत लागला. येल विद्यापीठातील मायकेल बॉमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १९८ अस्थिभंगांचे एक्स-रे मोजपट्टी घेऊन तपासले. स्क्रूचे टोक गोळ्याच्या मध्यबिंदूवरच्या शिखरापासून किती लांब आहे, हे त्यांनी समोरच्या आणि बाजूच्या अशा दोन एक्स-रेंवर मोजले आणि दोन्ही अंतरांची बेरीज केली. ही बेरीज २५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होती, असे १२० स्क्रू निघाले. त्यांतला एकही हाड कापून बाहेर आला नव्हता. जे १६ स्क्रू बाहेर आले, ते सगळे त्याहून दूर थांबलेले होते. म्हणजे स्क्रू गोळ्याच्या मध्यभागी आणि खोलवर बसला की भुसभुशीत हाडही त्याला धरून ठेवते.

तेव्हापासून ही बेरीज जगभरच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या शिक्षणाचा भाग झाली आहे. आपल्या शेजारच्या मिरजेतील डॉ. जी. एस. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही २००६ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ ऑर्थोपेडिक्स'मध्ये खुब्याच्या याच अस्थिभंगांचा सविस्तर आढावा घेतला होता. ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म नावाचे एक्स-रे यंत्र समोरून आणि बाजूने पुन्हा पुन्हा फिरवले जाते, ते याचसाठी.

स्क्रूच्या जागेइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट म्हणजे स्क्रू घालण्याआधी तुकडे जुळवलेले कसे आहेत. मान खाली झुकलेल्या अवस्थेत जुळली तर प्रत्येक पावलाला भार स्क्रूला वर ढकलतो. चौकट वाकडी बसवली तर दार कितीही भारी असले तरी ते घासणारच, तसे. शिवाय हाडाचे किती तुकडे झाले आहेत, बाहेरची भिंत शाबूत आहे की नाही, भेग सरळ आहे की उलटी, यावरही बरेच अवलंबून असते. काही अस्थिभंग मुळातच अवघड असतात. तिथे सगळे नीट करूनही धोका शून्य होत नाही, ही गोष्ट ऑपरेशनच्या आधीच घरच्यांशी बोललेली बरी.

मग धातूचा दोष कधीच नसतो?

तसेही नाही. रॉड स्टीलचा असो वा टायटॅनियमचा, योग्य मापाचा आणि योग्य जागी बसलेला असेल तर दोन्हींनी हाडे जुळतात. महाग रॉड म्हणजे खात्रीचा रॉड, असे समीकरण नाही. पण उत्पादनात दोष राहू शकतो आणि तो शोधायची सोय असली पाहिजे. शरीरात बसवायची अशी उपकरणे २००५ पासून औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद ठेवणारा 'मटेरिओव्हिजिलन्स' हा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१५ पासून सुरू आहे. त्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा कुठला रॉड बसवला हे कळते. प्रत्येक रॉडच्या पाकिटात कंपनी, माप आणि बॅच क्रमांक लिहिलेला स्टिकर असतो. तो डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या आणि ते कार्ड रेशनकार्डासारखे जपून ठेवा. उद्या दुसरे ऑपरेशन करायची वेळ आली तर रॉड काढायला कुठली हत्यारे लागतील, हेही त्यावरूनच कळते.

चालवल्याने रॉड सरकतो का?

आता दुसरा प्रश्न. पलंगावर पडून राहिले की खुब्यावर भार येत नाही, अशी आपली समजूत असते. पण भांडे घेण्यासाठी कंबर उचलली, कूस बदलली, पाय सरळ उचलला, तरी मांडीचे स्नायू सांध्याला जोराने आवळतात. सांध्यातला भार मोजणाऱ्या अभ्यासांत असे दिसले आहे, की भांडे घेताना येणारा भार आधाराने चालताना येणाऱ्या भाराच्या जवळपास जातो. म्हणजे अंथरूण हा समजतो तेवढा सुरक्षित आसरा नाही.

उलट, म्हातारे माणूस स्वतःच आपल्या पायाची काळजी घेते. अमेरिकेतील केनेथ कोव्हाल यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खुब्याच्या ऑपरेशननंतर वृद्धांना झेपेल तेवढा भार टाकायला सांगितले आणि प्रत्यक्षात ते किती टाकतात हे मोजले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मोडलेल्या पायावर चांगल्या पायाच्या निम्माच भार टाकला. बाराव्या आठवड्यापर्यंत तो आपोआप सत्त्याऐंशी टक्क्यांपर्यंत गेला. कुणी मोजून दिले नव्हते. दुखण्यानेच त्यांना सांगितले.

अंथरुणात पडून राहण्याची किंमत मात्र मोठी आहे. छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात, लघवीत जंतुसंसर्ग होतो, माणूस भ्रमात बोलू लागते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतला एक जण वर्षभरात दगावतो, असे जगभरचे आकडे सांगतात. यांतले बहुतेक रॉड निकामी झाल्याने जात नाहीत. त्यांना न्यूमोनिया, हृदयविकार आणि खंगत जाणे नेते. म्हणून ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावे आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून वॉकरच्या आधाराने उभे करावे, हाच आजचा नियम आहे. काही निवडक रुग्णांत हाडाचे फार तुकडे असतील तर सर्जन थोडे दिवस भार टाकू नका असे सांगतात. तसे स्पष्ट सांगितले असेल तर ते पाळा. सांगितले नसेल, तर स्वतःहून बंदी घालू नका.

एक सावधगिरी मात्र हवी. चालणे वेगळे आणि पुन्हा पडणे वेगळे. दुसऱ्यांदा पडल्यावर रॉडच्या टोकाशी हाड मोडू शकते. रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा, मोरीत आणि संडासात धरायला दांडी, शेवाळलेली फरशी घासलेली आणि पायात न घसरणारी चप्पल, एवढे केले तरी बराच धोका टळतो. बसायला उंच खुर्ची आणि संडासासाठी खुर्ची-कमोड पहिले काही महिने तरी वापरावा.

शरीर आधी सांगते

रॉड सरकू लागला की शरीर बहुधा आधी इशारा देते. कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, चालू लागलेला माणूस पुन्हा बसून राहू लागला, जांघेत किंवा मांडीत पाऊल टाकताना कळ येऊ लागली, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसू लागला, तर लगेच एक्स-रे काढायला हवा. खुब्याचे दुखणे अनेकदा गुडघ्यात जाणवते. "खुबा ठीक आहे, गुडघाच दुखतोय" म्हणून तेल चोळत बसण्यात महिना जातो. जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, लाली हे जंतुसंसर्गाचे इशारे आहेत. मधुमेह असेल तर त्यांच्याकडे जास्तच लक्ष हवे.

इथे आपल्या भागातली एक अडचण आहे. चंदगडहून कोल्हापूरला यायला शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास पडतो. गगनबावडा-शाहूवाडीच्या वाड्यांतून पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणणे म्हणजे गाडी, दोन माणसे आणि दिवसभराची मजुरी गेली. साहजिकच 'आता बरी आहे, कशाला न्यायची' म्हणून तपासणी चुकते. पण स्क्रू पाच मिलिमीटर सरकलेला सापडणे आणि तो गोळा फोडून वाटीत घुसलेला सापडणे यांत फार फरक आहे. पहिल्यात थोडक्यात निभावण्याची शक्यता असते. दुसऱ्यात जुना रॉड काढून पूर्ण सांधा बदलण्यासारखे मोठे ऑपरेशन लागते. भूल, रक्त, दिवस आणि धोका सगळेच वाढते आणि तोवर माणूस अशक्त झालेले असते. म्हणून निदान दीड महिन्याचा आणि तीन महिन्यांचा एक्स-रे चुकवू नका. येणे अगदीच शक्य नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढून तो सर्जनला दाखवा.

खर्चाच्या काळजीने कुणी थांबू नये. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कुठले उपचार कुठल्या रुग्णालयात बसतात, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

हाडाचे औषध कुणी दिले?

उभ्या उभ्या पडून खुबा मोडला, याचाच अर्थ हाड ठिसूळ झाले आहे. ते सिद्ध करायला वेगळ्या तपासणीची वाट पाहायची गरज नसते. तरीही कित्येक जण रॉड घेऊन घरी जातात, पण ठिसूळपणाचे औषध न घेताच. हे म्हणजे गळक्या छपराखाली भिंत लिंपण्यासारखे आहे.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात खुबा मोडलेल्या २१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत आणि पुढे वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड हे औषध सलाइनमधून दिले. साधारण दोन वर्षांत औषध न मिळालेल्यांपैकी शंभरात चौदा जणांचे पुन्हा कुठले तरी हाड मोडले, तर औषध मिळालेल्यांत नऊ जणांचे. मृत्यूही कमी झाले. हे औषध देण्याआधी मूत्रपिंडाचे काम आणि 'ड' जीवनसत्त्व तपासावे लागते, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवायचे. पण ते विचारायचे तुमच्या हातात आहे.

बाकी घरची कामे साधी आहेत. 'पायाचा रस्सा पाजला, आता हाड जुळेल' हा आपल्याकडचा विश्वास. रस्सा अवश्य प्यावा, पण त्यात प्रथिने थोडीच उतरतात. अंडी, दूध, डाळी-उसळी, मांस-मासे यांतले जे चालते ते रोज पोटात जायला हवे. विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो. मशेरीही सोडलेलीच बरी. सांधेदुखीवर कुणाकडून तरी आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांत स्टिरॉइड असू शकते आणि ते हाड आणखी पोखरते. त्या आधी बंद करा, मात्र एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. बऱ्याच दिवसांचे स्टिरॉइड अचानक थांबवणेही धोक्याचे असते.

तपासणीला जाल तेव्हा तीन गोष्टी बरोबर न्या: ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे, स्टिकर लावलेले डिस्चार्ज कार्ड आणि चालू औषधांची यादी. जुना एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय स्क्रू सरकला की नाही हे नीट सांगता येत नाही. आणि रॉड कुठल्या कंपनीचा, याच्या आधी दोन प्रश्न विचारा. हाड जुळतंय का? आणि हाड मजबूत व्हायचं औषध सुरू केलं का?

(लेखक शासकीय रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ आहेत.)